ऑसिलोस्कोपची बँडविड्थ : यंत्राची क्षमता आणि परवान्याची मर्यादा – एक ऐतिहासिक विवेचन (बारामती-इंदापूर परिसरातील महाविद्यालयीन प्रयोगशाळांच्या संदर्भात)

प्रस्तावना

क्षमता आणि परवानगी यांतील फरक बारामती व इंदापूर तालुक्यांत कोणाला समजावून सांगावा लागत नाही. पाटातून किती पाणी वाहू शकते ही एक गोष्ट आणि आपल्या पिकाला किती पाणी मंजूर आहे ही दुसरी, हे नीरा डाव्या कालव्यावरील शेतकऱ्याला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचा छत्रपती, इंदापूरचा कर्मयोगी शंकररावजी पाटील आणि नीरा-भीमा ही सहकारी साखर कारखान्यांची नावे या परिसराच्या अर्थजीवनाशी एकरूप झालेली आहेत. कारखाना दिवसाला किती टन ऊस गाळू शकतो आणि किती टन गाळण्याची त्याला परवानगी आहे, हे दोन स्वतंत्र आकडे असू शकतात, हेही येथील सभासद जाणतो.

नेमका हाच फरक गेल्या काही वर्षांत महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतील टेबलावर येऊन बसला आहे. ज्याला आपल्याकडे आजही सवयीने ‘सी.आर.ओ.’ म्हटले जाते त्या ऑसिलोस्कोपची दोन प्रतिमाने बाजारात मिळतात. एक ५० मेगाहर्ट्झचे, दुसरे १०० मेगाहर्ट्झचे. किमतीत बराच फरक असतो. परंतु झाकण उघडून पाहिल्यास आतील सर्किट बोर्ड कित्येकदा एकच असतो. फरक असतो तो सॉफ्टवेअरमधील एका परवान्याचा.

ही मर्यादा कोठून आली, पूर्वीच्या मर्यादेपेक्षा ती कोणत्या अर्थाने वेगळी आहे, आणि ग्रामीण भागातील महाविद्यालयाने तिच्याकडे कसे पाहावे, या तीन प्रश्नांचा विचार प्रस्तुत निबंधात करावयाचा आहे.

बँडविड्थचा अर्थ

विषय इतर शाखांतील प्राध्यापकांनाही सुगम व्हावा म्हणून मूळ संकल्पना प्रथम स्पष्ट करणे आवश्यक आहे. ऑसिलोस्कोप हे विद्युतदाबातील बदल कालानुसार रेखाटून दाखविणारे उपकरण होय. संकेताची वारंवारता जसजशी वाढते तसतसे उपकरण ती पूर्ण उंचीने दाखवू शकेनासे होते. ज्या वारंवारतेला पडद्यावरील उंची मूळ उंचीच्या सुमारे ७०.७ टक्क्यांवर येते, म्हणजेच शक्ती निम्मी होते, ती त्या उपकरणाची बँडविड्थ मानली जाते.

याचा व्यवहारातील परिणाम महत्त्वाचा आहे. संकेताला खालच्या पातळीवरून वरच्या पातळीवर जाण्यास जो वेळ लागतो त्यास राइज टाइम म्हणतात. उपकरणाचा स्वतःचा राइज टाइम ०.३५ भागिले बँडविड्थ या सूत्राने अंदाजे मिळतो. त्यानुसार २० मेगाहर्ट्झच्या उपकरणाचा राइज टाइम १७.५ नॅनोसेकंद, ५० मेगाहर्ट्झचा ७ नॅनोसेकंद आणि १०० मेगाहर्ट्झचा ३.५ नॅनोसेकंद येतो. समजा, मूळ संकेत ५ नॅनोसेकंदांत चढतो. दोन्ही काळांच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढले असता ५० मेगाहर्ट्झच्या उपकरणावर तो सुमारे ८.६ नॅनोसेकंदांचा दिसेल, तर १०० मेगाहर्ट्झच्या उपकरणावर सुमारे ६.१ नॅनोसेकंदांचा. दोन टेबलांवरील दोन विद्यार्थी प्रामाणिकपणे निरीक्षण करूनही आपापल्या प्रयोगवहीत दोन वेगळी उत्तरे लिहितील. म्हणून बँडविड्थ हा केवळ माहितीपत्रकातील आकडा नसून निरीक्षणाच्या विश्वासार्हतेचा प्रश्न आहे.

पदार्थाने घातलेली मर्यादा

कार्ल फर्डिनांड ब्राऊन यांनी १८९७ मध्ये स्ट्रासबर्ग येथे कॅथोड किरण नलिका तयार केली. पुढील अनेक दशके या नलिकेच्या आधारे ऑसिलोस्कोप घडत गेले. तथापि ते मोजमापाचे भरवशाचे साधन झाले ते दुसऱ्या महायुद्धानंतर. हॉवर्ड व्होलम आणि जॅक मर्डॉक यांनी १९४६ मध्ये अमेरिकेतील पोर्टलंड येथे टेक्ट्रॉनिक्स ही कंपनी स्थापन केली. तिच्या ५११ या पहिल्या प्रतिमानाची बँडविड्थ १० मेगाहर्ट्झ होती व किंमत ७९५ डॉलर होती. याच कंपनीचा ४६५ हा १०० मेगाहर्ट्झचा सुवाह्य ऑसिलोस्कोप १९७२ मध्ये आला. दशकाच्या अखेरीस ७१०४ या प्रतिमानाने १ गिगाहर्ट्झची मजल गाठली.

सुमारे तीस वर्षांतील ही शंभरपट वाढ कोणत्याही परवान्याने झालेली नाही. निर्वात नळ्यांच्या जागी ट्रान्झिस्टर आले, तारांमधील अनावश्यक धारिता कमी करण्यात आली, नलिकेतील विक्षेपण पट्ट्यांची रचना बदलली, पडद्यावर अतिवेगाने सरकणारा किरण डोळ्यांना दिसावा म्हणून नलिकेच्या आतच इलेक्ट्रॉनांची संख्या वाढविण्याची योजना करण्यात आली. या काळात बँडविड्थ म्हणजे पदार्थाशी झालेल्या झटापटीचे फलित होते. अधिक पैसे मोजणाऱ्या ग्राहकाला खरोखरच वेगळी वस्तू मिळत असे.

बारामतीत तुळजाराम चतुरचंद महाविद्यालयाची स्थापना १९६२ मध्ये झाली, तर विद्या प्रतिष्ठानची १९७२ मध्ये. पुढे इंदापूर तालुक्यातही विज्ञान व अभियांत्रिकीच्या शिक्षणाची सोय झाली. अशा तालुक्याच्या ठिकाणच्या महाविद्यालयांची ऑसिलोस्कोपशी ओळख झाली ती प्रामुख्याने ठाण्याच्या ॲप्लॅबसारख्या भारतीय उत्पादकांच्या २०-३० मेगाहर्ट्झच्या, दोन वाहिन्यांच्या उपकरणांमुळे. त्या उपकरणावर लिहिलेला २० हा आकडा आतील प्रवर्धकाचा होता. तो वाढवावयाचा तर नवे उपकरण घेणे हाच मार्ग होता.

खोडदचा दाखला

पदार्थाची मर्यादा ओलांडणे म्हणजे काय, याचे उत्तम उदाहरण आपल्याच पुणे जिल्ह्यात, जुन्नर तालुक्यातील खोडद येथे आहे. प्रा. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बिणीत, म्हणजेच जीएमआरटीत, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत. तिची मूळ बँडविड्थ ३२ मेगाहर्ट्झ होती.

२०१० च्या सुमारास तेथील संकेत-संस्करणाची जुनी यंत्रणा बदलून तिच्या जागी संगणकांच्या समूहावर चालणारी सॉफ्टवेअर यंत्रणा आणण्यात आली. लवचिकता वाढली, निरीक्षणांच्या नव्या पद्धती शक्य झाल्या. परंतु बँडविड्थ जवळजवळ तेवढीच राहिली. कारण तबकडीपासून संगणकापर्यंतची साखळी ३२ मेगाहर्ट्झचीच होती. ती ४०० मेगाहर्ट्झपर्यंत नेण्यासाठी पुढे नवे विस्तृत पट्ट्याचे फीड, नवे कमी गोंगाटाचे प्रवर्धक, प्रकाशीय तंतूंच्या वहनव्यवस्थेत बदल आणि ग्राफिक्स प्रोसेसरांवर आधारित नवी संस्करण यंत्रणा, असा मोठा खटाटोप करावा लागला. हे काम २०१० च्या दशकात टप्प्याटप्प्याने झाले.

या घटनेचा बोध असा की, सॉफ्टवेअर कितीही समर्थ असले तरी जे त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही ते त्याला उघडता येत नाही. याचा व्यत्यास असा की, जेथे केवळ एक सांकेतिक क्रमांक टाकताच बँडविड्थ दुप्पट होते, तेथे ती क्षमता आधीपासूनच आत होती, असे मानावे लागते.

विक्रेत्याने घातलेली मर्यादा

असलेली क्षमता झाकून ठेवून वस्तू स्वस्तात विकण्याची रीत संगणकयुगाच्याही आधीची आहे. फ्रेंच अभियंता व अर्थचिंतक ज्युल द्यूपुई यांनी १८४९ मध्ये रेल्वेच्या तिसऱ्या वर्गाच्या डब्यांविषयी याच स्वरूपाचे निरीक्षण नोंदविले होते. डब्याला छत न घालण्यामागे छताचा खर्च वाचविणे हा हेतू नसून, दुसऱ्या वर्गाचे भाडे देऊ शकणाऱ्या प्रवाशाने तिसऱ्या वर्गात बसू नये हा हेतू असतो, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय होता.

संगणकक्षेत्रात याची उदाहरणे विपुल आहेत. आयबीएमने १९९० मध्ये ‘लेसरप्रिंटर ई’ हा मुद्रक बाजारात आणला. मूळ मुद्रक मिनिटाला १० पाने छापत असे, हा ५ छापत असे. आणि त्याचा वेग कमी करण्यासाठी आत अधिकची योजना करावी लागली होती. इंटेलच्या १९९१ मधील ४८६एसएक्स या प्रोसेसरमध्ये गणिती सहप्रोसेसर असूनही तो निष्क्रिय केलेला होता. याच कंपनीने २०१० मध्ये ५० डॉलरचे कार्ड विकून एका पेंटियम प्रोसेसरमधील बंद ठेवलेली क्षमता खुली करण्याचा प्रयोग केला आणि २०११ मध्ये तो गुंडाळला. अर्थशास्त्रज्ञ रेमंड डेनेकेर व प्रेस्टन मॅकॅफी यांनी १९९६ मध्ये अशा वस्तूंचा सैद्धांतिक अभ्यास केला. त्यांचा निष्कर्ष एकांगी नाही, हे येथे नमूद करणे आवश्यक आहे. विशिष्ट परिस्थितीत अशा विक्रीमुळे उत्पादक, श्रीमंत ग्राहक आणि गरीब ग्राहक या तिघांचाही लाभ होऊ शकतो, असे त्यांनी दाखविले.

ऑसिलोस्कोप संपूर्णतः अंकीय झाल्यावर ही रीत त्यातही रुजली. रिगॉल या चिनी कंपनीच्या ५० मेगाहर्ट्झच्या डीएस१०५२ई या प्रतिमानाची अंतर्गत रचना १०० मेगाहर्ट्झच्या डीएस११०२ई सारखीच आहे व फरक सॉफ्टवेअरने पाडला आहे, हे २०१० मध्ये हौशी तंत्रज्ञांनी दाखवून दिले. याच उपकरणात ४० दशलक्ष नमुने प्रतिसेकंद अशी हमी असलेल्या चिप १०० दशलक्षांच्या वेगाने चालविलेल्या आढळल्या. एकीकडे उत्पादक स्वतः चिपची लिखित मर्यादा ओलांडत होता आणि दुसरीकडे ग्राहकासाठी नवी मर्यादा लिहीत होता, ही विसंगती लक्षणीय आहे. २०११ मध्ये ॲजिलेंटने आपल्या नव्या श्रेणीत खरेदीनंतर परवान्याद्वारे बँडविड्थ वाढविण्याची सोय उघडपणे जाहीर केली. या कंपनीचा मोजमाप उपकरणांचा विभाग पुढे २०१४ मध्ये कीसाइट या नावाने वेगळा झाला. जी गोष्ट एका ठिकाणी शोधून काढावी लागली तीच दुसऱ्या ठिकाणी विक्रीचे वैशिष्ट्य म्हणून मांडली गेली, हा फरक पुढील विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे.

साखर कारखान्याचा परवाना आणि उपकरणाचा परवाना

येथे आपल्या परिसरातील साखर उद्योगाशी तुलना उद्‌बोधक ठरते. उद्योग (विकास व नियमन) अधिनियम, १९५१ अन्वये साखर कारखाना काढण्यासाठी, त्याचप्रमाणे त्याच्या क्षमतेत लक्षणीय वाढ करण्यासाठी केंद्र शासनाचा परवाना लागत असे. ऑगस्ट १९९८ मध्ये साखर उद्योग या परवाना पद्धतीतून मुक्त झाला. दोन कारखान्यांमधील किमान अंतराची अट मात्र राहिली. हंगामापूर्वी साखर आयुक्तांकडून घ्यावयाचा गाळप परवाना ही वेगळी बाब असून ती महाराष्ट्रात चालू आहे.

परवाना पद्धतीचे दोष सर्वज्ञात आहेत. परंतु तो परवाना सार्वजनिक कायद्याखाली होता. त्याचे नियम प्रसिद्ध होते, त्याविरुद्ध दाद मागता येत होती, संसदेत आणि कारखान्याच्या वार्षिक सभेत त्यावर चर्चा होऊ शकत होती, आणि अखेर धोरण बदलून तो रद्दही करता आला. ऑसिलोस्कोपमधील परवाना हा खासगी करार आहे. त्याच्या अटी विक्रेता ठरवितो आणि खरेदीदार महाविद्यालय त्या बहुधा वाचतही नाही. आणखी एक भेद असा की, शासनाचा परवाना कारखान्याच्या यंत्रात शिरत नव्हता. अधिक ऊस टाकला तर मिल तो गाळीत असे, मग चौकशी होवो वा न होवो. नवा परवाना यंत्राच्या आत बसतो आणि तेथेच अंमलबजावणी करतो. परवाना देणारा, तपासणारा आणि अडविणारा येथे एकच आहे.

परवाना काय उघडू शकत नाही

साखर कारखान्याचे गाळप केवळ मिलच्या रोलरवर ठरत नाही. बॉयलर, रस आटविण्याची व्यवस्था, पॅन यांपैकी जो टप्पा सर्वांत तोकडा तो एकूण गाळप ठरवितो. ऑसिलोस्कोपची साखळीही तशीच आहे. प्रोब, प्रवेशमंडल, प्रवर्धक, नमुने घेणारी चिप आणि स्मृती या क्रमाने संकेत पुढे सरकतो. परवाना फार तर मुद्दाम घातलेला अडसर काढतो. इतर टप्पे तसेच राहतात.

रिगॉलच्या २०१४ मधील डीएस१०५४झेड या चार वाहिन्यांच्या लोकप्रिय प्रतिमानाचे उदाहरण पाहता येईल. एकच वाहिनी चालू असताना ते सेकंदाला १ अब्ज नमुने घेते. तीन वा चारही वाहिन्या चालू केल्यास प्रत्येकीच्या वाट्याला २५ कोटी नमुने येतात. अशा वेळी १०० मेगाहर्ट्झच्या संकेतासाठी एका आवर्तनास अवघे अडीच नमुने उरतात. परवान्याने बँडविड्थ १०० झाली तरी ही वाटणी बदलत नाही. तसेच, प्रोबवरील कळ एकपट स्थितीत राहिली तर बहुतेक सर्वसाधारण प्रोबची बँडविड्थ ६-७ मेगाहर्ट्झच्या आसपासच असते. मग उपकरण ५० चे आहे की १०० चे, हा प्रश्नच उरत नाही. काही श्रेणींत तर एका टप्प्यापर्यंतची वाढ परवान्याने होते, परंतु त्यापुढे उपकरण सेवाकेंद्रात पाठवून आतील सर्किट बोर्डच बदलावा लागतो.

अधिक बँडविड्थ सदैव हितकारक असते, असेही नाही. बँडविड्थ वाढली की गोंगाटही वाढतो. म्हणूनच अनेक ऑसिलोस्कोपवर बँडविड्थ मुद्दाम २० मेगाहर्ट्झपर्यंत मर्यादित करण्याची सोय असते. ही मर्यादा वापरणाऱ्याने स्वतः, गरजेनुसार घातलेली असते व हवी तेव्हा काढता येते. यावरून मर्यादेचे तीन प्रकार स्पष्ट होतात : पदार्थाची, विक्रेत्याची आणि अभ्यासकाची. पहिली शिकावयाची, दुसरी तपासावयाची आणि तिसरी वापरावयाची असते.

महाविद्यालयापुढील प्रश्न

ग्रामीण महाविद्यालयात उपकरणांची खरेदी दरपत्रके मागवून व कमीत कमी दर पाहून होते. मायक्रोकंट्रोलरच्या १६ मेगाहर्ट्झच्या चौकोनी तरंगाचा तिसरा घटक ४८ मेगाहर्ट्झवर आणि पाचवा ८० मेगाहर्ट्झवर असतो. ५० मेगाहर्ट्झच्या उपकरणावर तिसरा कसाबसा दिसतो व पाचवा बराचसा गळतो. चौकोनी तरंग गोलसर दिसला की विद्यार्थ्याला वाटते, आपले सर्किट चुकले. दर कमी असल्याची किंमत अशा वेळी विद्यार्थ्याच्या आत्मविश्वासातून वसूल होते, आणि प्रत्यक्षात त्याच खोक्यात ती रेषा स्वच्छ दाखविण्याची क्षमता असू शकते.

मग बाहेर उपलब्ध असलेल्या युक्तीने परवाना स्वतःच तयार करून घ्यावा काय? व्यक्तिगत हौसेच्या पातळीवर यावर मतभेद आहेत. संस्थेपुरते उत्तर मात्र नकारार्थीच असले पाहिजे. प्रतिलिपी अधिकार अधिनियम, १९५७ मध्ये २०१२ च्या दुरुस्तीने आलेले कलम ६५अ हक्कभंगाच्या हेतूने तांत्रिक संरक्षण भेदणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद व दंडाची तरतूद करते. याच कायद्याचे कलम ५२ संगणक प्रणालीचे कार्य अभ्यासण्याची काही प्रमाणात मुभा देते. परंतु अभ्यासाची मुभा म्हणजे मोफत परवाना नव्हे. शिवाय असे उपकरण ज्या बँडविड्थला उत्पादकाने प्रमाणित केलेलेच नाही तेथे मोजमाप करू लागते. ज्या मोजमापामागे प्रमाणपत्र नाही त्यावर विद्यार्थ्याने विश्वास का ठेवावा, या प्रश्नाला शिक्षकापाशी उत्तर राहत नाही.

खरा उपाय खरेदीच्या कागदांत आहे. आपली जडवस्तू संग्रह नोंदवही टेबल, कपाट आणि उपकरण यांसाठी आखलेली आहे. वजन नसलेल्या परवान्यासाठी तीत रकाना नाही. त्यामुळे दरपत्रक मागवितानाच काही गोष्टी लेखी विचारल्या पाहिजेत. पुरविलेली बँडविड्थ किती आणि त्याच यंत्रावर परवान्याने मिळू शकणारी कमाल बँडविड्थ किती? त्या परवान्याचा आजचा दर काय? परवाना कायमचा की मुदतीचा? दुरुस्तीत मुख्य बोर्ड बदलल्यास तो टिकतो काय? परवान्यानंतर उपकरण नव्या बँडविड्थसाठी पुन्हा प्रमाणित करून मिळते काय? या उत्तरांची नोंद उपकरणाच्या अनुक्रमांकासमोर झाली तर पाच वर्षांनंतर आलेल्या सहकाऱ्यालाही प्रयोगशाळेत नेमके काय आहे हे कळेल. आज थोडक्या निधीत लहान बँडविड्थ घेऊन पुढे निधी मिळाल्यावर ती वाढविणे, हा परवाना पद्धतीचा खराखुरा लाभही त्यामुळे पदरात पडेल. अन्यथा वाढविता येणारे उपकरण अपुरे म्हणून निर्लेखित होईल आणि त्याच्या जागी दुसरे विकत घेतले जाईल.

समारोप

ऑसिलोस्कोपच्या बँडविड्थचा इतिहास हा मर्यादेच्या कर्त्याचा इतिहास आहे. १९४७ च्या १० मेगाहर्ट्झपासून १९७० च्या दशकाअखेरच्या १ गिगाहर्ट्झपर्यंत ती मर्यादा प्रामुख्याने पदार्थाची होती. अंकीय युगात तिच्या जोडीला कराराची मर्यादा आली. दोन्ही एकाच आकड्याच्या रूपाने उपकरणाच्या दर्शनी भागावर छापल्या जातात, आणि म्हणूनच त्या एकच आहेत असा समज होतो. परवान्याची मर्यादा ही फसवणूक होते ती ती लपविली जाते तेव्हा. उघड सांगितली असता ती केवळ एक व्यापारी अट असते, जी स्वीकारता किंवा नाकारता येते.

ही उघड करण्याची जबाबदारी केवळ विक्रेत्यावर सोडण्याचे कारण नाही. आपल्या प्रयोगशाळेतील ऑसिलोस्कोपची प्रत्यक्ष बँडविड्थ मोजणे हा पदवीच्या विद्यार्थ्याला सहज करता येण्याजोगा प्रयोग आहे. भरवशाच्या संकेतजनकाचा तरंग योग्य जोडणीने द्यावा, वारंवारता वाढवीत न्यावी आणि उंची ७०.७ टक्क्यांवर आली की आकडा लिहावा. तो छापील आकड्याहून अधिक आला, तर तसा का आला यावर वर्गात चर्चा व्हावी. पाटाचे पाणी मोजून घेण्याची सवय असलेल्या या परिसराला ही गोष्ट अवघड वाटू नये.